डोंगर चढायला किती पोळ्या?

आहारतज्ज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळातील एक टेबल येते. टेबलामागे पांढरा कोट घातलेल्या बाई, समोर मधुमेहाचा रुग्ण आणि त्याच्या हातात ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशी लांबलचक यादी. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. आज काही आहारतज्ज्ञांपुढे रुग्ण नव्हे, तर हिमालयात निघालेले गिर्यारोहक, बेचाळीस किलोमीटर धावणारे धावपटू आणि सायकलवरून घाट चढणारी मुलेमुली बसलेली असतात. त्यांना मिळणारी यादीही निराळी असते. तिच्यात ‘खाऊ नका’पेक्षा ‘अजून खा’ असेच बहुधा लिहिलेले असते. बारावीनंतर अभियांत्रिकी आणि वैद्यकी यांखेरीज काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्यांना या व्यवसायाची ओळख करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते. पण मी पडलो भौतिकशास्त्राचा शिक्षक. तेव्हा सुरुवात आपल्या ओळखीच्या वाटेने, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची या सूत्रापासून करू.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंतचा चढ आपण हिशेबासाठी ९०० मीटर धरू. चढणाऱ्या मुलीचे वजन ५० किलो आणि तिच्या पाठीवरच्या पिशवीचे ६ किलो. मग ५६ गुणिले ९.८ गुणिले ९००, म्हणजे सुमारे ४ लाख ९४ हजार जूल एवढे कार्य तिला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागेल. आहारशास्त्रात ज्याला उष्मांक म्हणतात तो म्हणजे एक किलोकॅलरी, अर्थात ४१८४ जूल. भागाकार करा. उत्तर येते ११८ उष्मांक.

आता तीस ग्रॅम कणकेची एक पोळी घेतली, तर तिच्यात जवळजवळ १०० उष्मांक असतात. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर जायला सव्वा पोळी पुरे! हा आकडा वर्गात सांगितला की मुले हसतात, आणि ज्याने तो डोंगर प्रत्यक्ष चढलेला असतो तो तर हमखास हरकत घेतो. त्याची हरकत रास्त आहे. स्नायू हे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातील शंभर भाग ऊर्जेपैकी चढण्याच्या कार्यात फार तर वीस ते पंचवीस भाग उतरतात, बाकीची उष्णता होते. (तरीही आपण स्नायूला नावे ठेवू नयेत, कोळशावर धावणारी जुनी रेल्वे इंजिने दहा टक्क्यांपर्यंतही क्वचितच पोहोचत.) तेव्हा ११८ ला चार किंवा पाचने गुणा. नुसत्या चढाचा खर्च पाचशे ते सहाशे उष्मांक झाला. त्यात उतरण्याचा, सपाटीवर चालण्याचा, आणि काहीही न करता पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत वगैरे चालू ठेवण्यासाठी लागणारा बाराशे-तेराशे उष्मांकांचा रोजचा खर्च मिळवा. आपल्या मुलीचा त्या दिवसाचा आकडा अडीच हजारांच्या आसपास जातो. सव्वा पोळीचा डोंगर असा फुगत फुगत पंचवीस पोळ्यांवर गेला.

किती इंधन लागते हे कळले, पण कोणते लागते? हा प्रश्न एके काळी भलताच वादाचा होता, आणि तो सुटला तोही एका डोंगरावरच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शब्द म्हणजे प्रमाण मानला जाई. त्याचे म्हणणे असे, की स्नायू प्रथिनांचा बनलेला आहे, तेव्हा काम करताना तो स्वतःचे प्रथिनच जाळतो. पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ केवळ शरीर गरम ठेवण्यापुरते. हे खरे असेल, तर कष्टकऱ्याने आणि डोंगर चढणाऱ्याने प्रामुख्याने मांसच खायला हवे. झुरिचमधील दोन प्राध्यापकांना हे पटेना. एक आडोल्फ फिक, शरीरक्रियाशास्त्राचा. दुसरा योहानेस विस्लिसेनस, रसायनशास्त्राचा. फिकचे नाव तुम्हांला पुढे विसरणाच्या नियमात भेटेल, तोच हा. (डोळ्यांत बसवायची काच १८८८ मध्ये तयार करणारा फिक मात्र याचा पुतण्या. नाव तेच असल्याने पुस्तकेसुद्धा फसतात.)

या दोघांनी योजलेली युक्ती शाळेतल्या मुलालाही समजावी इतकी सरळ आहे. प्रथिनांत नायट्रोजन असतो. पिष्ट, साखर आणि चरबी यांत तो नसतो. शरीरात प्रथिन जळले की त्याचा नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतो. प्रथिनात वजनाने साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, म्हणून लघवीतील नायट्रोजनाला सव्वासहाने गुणले की किती प्रथिन जळले ते कळते. तेव्हा एखादा डोंगर चढावा, चढताना आणि चढल्यानंतरची लघवी जपून ठेवून तपासावी, आणि जळालेल्या प्रथिनातून तेवढे कार्य निघू शकते का ते पाहावे.

३० ऑगस्ट १८६५ रोजी पहाटे हे दोघे ब्रिएंझ सरोवराच्या काठाहून स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न या शिखराकडे निघाले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्नाला स्पर्श केलेला नव्हता. पिष्टाच्या चरबीत तळलेल्या टिकिया आणि साखर, एवढ्यावर ते होते. त्यांच्या हिशेबातील चढ १९५६ मीटरचा. फिकचे वजन ६६ किलो, विस्लिसेनसचे ७६. म्हणजे एकट्या फिकने १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर कार्य केले. आपल्या एककांत ते सुमारे ३०२ उष्मांक होते, आणि हा आकडा नुसत्या उचलण्याचा आहे. कार्यक्षमतेचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. लघवीतील नायट्रोजनावरून जळालेले प्रथिन निघाले प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम.

एवढ्यावर निकाल लागणार कसा? एक ग्रॅम प्रथिनातून किती ऊर्जा निघते ते त्या वेळी कोणी मोजलेलेच नव्हते. ती उणीव एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने भरून काढली. हा फिकचा मेहुणा. (विज्ञानातील कित्येक सहकार्ये अशी घरातल्या घरात झालेली आहेत.) त्याने १८६६ मध्ये निरनिराळे अन्नपदार्थ कॅलरीमापकात जाळून त्यांची उष्णता मोजली. युरियात न जळता राहून गेलेली उष्णता वजा केली, तर शरीराला प्रथिनाच्या ग्रॅममागे ४.४ च्या आसपास उष्मांक मिळतात. ३७ ग्रॅमचे झाले १६२. केलेले कार्य ३०२ उष्मांकांचे आणि प्रथिनातून मिळालेले १६२, तेही एकही जूल वाया गेला नाही असे धरले तर! स्नायू प्रथिनावर चालतो हे मत त्या डोंगरावरच कोसळले. काम झाले होते ते पिष्ट, साखर आणि चरबी यांच्या जोरावर.

मला हा प्रयोग फार आवडतो. त्याला यंत्रसामग्री जवळजवळ लागली नाही. लागले ते ऊर्जेच्या अक्षय्यतेवर असलेला पूर्ण विश्वास आणि दोन धडधाकट पाय. शिवाय दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्याची गरज संपलेली नाही. आजही गिर्यारोहणाला निघालेली मुले प्रथिनाच्या भुकटीचे महागडे डबे विकत घेतात आणि चढाच्या दिवशी सकाळी तीच पाण्यात कालवून पितात. प्रथिन हवेच, स्नायूंची झीज भरून काढायला, रक्त बनवायला, वाढायला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेले प्रौढांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, आणि नियमित कसून सराव करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅमपर्यंत लागू शकते. परंतु डाळ-भात, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी यांतून ते मिळवता येते, आणि चढाच्या वेळचे इंधन म्हणून तर त्याचा उपयोग थोडाच. सराव करणाऱ्या मुलाला आहारतज्ज्ञ बहुधा पहिली गोष्ट सांगतो ती ही, आणि मुलाला ती बहुधा आवडत नाही.

आता पिष्ट आणि चरबी यांत पुन्हा डावे-उजवे आहे. चरबीचा साठा प्रचंड असतो. अंगावर दहा किलो चरबी असेल, तर सत्तर-पंचाहत्तर हजार उष्मांक झाले. अनेक कळसूबाई चढून उरतील. पण ही बँकेतील मुदतठेव आहे, मोडायला वेळ लागतो. हातातली रोकड म्हणजे ग्लायकोजेन, यकृतात आणि स्नायूंत साठवलेली शर्करा. प्रौढ माणसात ती सगळी मिळून चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार उष्मांक. चढ जितका जोरात, तितका रोकडीवरचा भार अधिक. रोकड संपली की पाय ओढत नाहीत, घाम सुटतो, चिडचिड होते, साधा हिशेबही चुकतो. कारण मेंदूला एरवी शर्कराच लागते. ट्रेकमध्ये शेवटच्या तासाला वाट चुकणारे आणि पाय मुरगळून घेणारे पुष्कळदा याच अवस्थेत असतात.

ग्लायकोजेन ही रोकड आहे हे दाखवणारा प्रयोगही असाच साधा. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघा स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये तो स्वतःवरच केला. एकाच व्यायाम-सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायटे मारले. दुसरा पाय स्वस्थ. पार थकल्यावर सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून तपासला. राबलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते, स्वस्थ पायातील जागच्या जागी होते. पुढचे तीन दिवस त्यांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. राबलेल्या पायात साठा नुसता भरून आला नाही, तर दुसऱ्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. दोन्ही पायांना रक्त एकच, अन्न एकच. फरक फक्त कष्टाचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीआधी दोन-तीन दिवस सराव कमी करून भात, पोळ्या, बटाटे यांचे प्रमाण वाढवण्याचा सल्ला देतात, त्याचे मूळ या संशोधनात आहे.

शिवाय वाटेत भर घालता येते. तास-दीड तासापेक्षा अधिक वेळ जोमाचे श्रम चालणार असतील, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर घ्यावी असा सर्वसाधारण नियम आहे. एक मध्यम केळे आणि गुळाचा लहानसा खडा यांत तीसेक ग्रॅमची सोय होते. आपल्याकडची शेंगदाण्याची चिक्की या दृष्टीने मोठी हुशारीची वस्तू आहे; गुळाची रोकड आणि दाण्याची ठेव एकाच वडीत, आणि वजनाच्या मानाने उष्मांकही भरपूर. पाठीवरच्या प्रत्येक ग्रॅमला उंचीने गुणावे लागते, हे एकदा कळले की काकडी आणि चिक्की यांत पिशवीत जास्त कशाला न्यायचे ते आपोआप ठरते. काकडी मात्र दुसऱ्या कारणासाठी लागते, आणि त्या कारणाकडे आता वळू.

आपल्या मुलीने चढात साडेपाचशे उष्मांक जाळले असे धरा. त्यांतील ११८ उंचीत जमा झाले. उरलेल्या ४३० ची उष्णता झाली. ही उष्णता अंगातच राहिली, तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०.८३ पट असते. ४३० ला ५० गुणिले ०.८३ ने भागा: तापमान दहा अंशांहून अधिक वाढेल! बेचाळीसच्या पुढचा ताप जिवावर बेततो हे तुम्हांला ठाऊक आहे. ही उष्णता बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. तेव्हा पाऊण लिटर घाम वाळायला हवा. लक्षात ठेवा, वाळायला हवा. अंगावरून ठिबकून जमिनीवर पडलेला घाम उष्णता नेत नाही. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. म्हणून तिथल्या पाचशे मीटरच्या चढात जेवढे पाणी जाते तेवढे थंड कोरड्या हवेतल्या हजार मीटरच्या चढातही जाणार नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीत भरदुपारी चढणे हा माझ्या मते धाडसाचा प्रकार नाही, उष्णतेच्या गणितातला अडाणीपणा आहे.

बर्फाच्या डोंगरावर मात्र तहानेचे काय, असे वाटेल. तिथली गोष्ट आणखी चमत्कारिक. हवा थंड आणि कोरडी, श्वास जोरात. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाण्याची वाफ जाते आणि प्यायला भोवताली असतो तो नुसता बर्फ, जो वितळवायला इंधन लागते. २८ मे १९५२ रोजी रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग नोर्गे हे स्विस मोहिमेतील गिर्यारोहक एव्हरेस्टवर सुमारे ८,६०० मीटरपर्यंत जाऊन परतले. आदल्या रात्री त्यांच्याजवळ स्टोव्ह नव्हता; मेणबत्तीवर बर्फ वितळवून मिळाले तेवढेच घोटभर पाणी. पुढील वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५२ मध्ये चो ओयूवर गिर्यारोहकांच्या श्वासाची, खाण्यापिण्याची मोजमापे घेतली होती, आणि उंचीवर रोज तीन लिटरच्या पुढे पेय पोटात गेलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी स्टोव्ह आणि इंधन वर चढवले गेले. २९ मे १९५३ च्या पहाटेपूर्वी हिलरी आणि तेनसिंग यांनी शेवटच्या तंबूत साखर घातलेले गरम लिंबाचे सरबत भरपूर प्यायले होते. शिखर गाठण्याचे श्रेय सरबताला द्यावे असे मी म्हणत नाही. प्राणवायूच्या नळकांड्यांचा वाटा मोठा होता. पण तेनसिंग दोन्ही वेळा तोच होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पाणी कमी पडू नये, तसेच ते बेसुमारही होऊ नये. घामाबरोबर मीठ जाते. नुसते पाणी मर्यादेबाहेर पीत राहिले, तर रक्तातील सोडियम पातळ होते. डोके दुखते, उलट्या होतात, क्वचित माणूस बेशुद्धही पडतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम प्रमाणापेक्षा खाली आढळले. म्हणून आहारतज्ज्ञ तहानेप्रमाणे प्या म्हणतो, आणि लांबच्या चढाला मीठ-साखर घातलेले लिंबू किंवा कोकमाचे सरबत, मिठाचे ताक असे काही सुचवतो. साखर आणि मीठ एकत्र का? लहान आतड्याच्या भिंतीत एक वाहक असतो, तो सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले, तेही याच वाहकाच्या जोरावर.

इथवर सगळे गणित. मग आहारतज्ज्ञाची गरजच काय, कोष्टक पाहून कोणीही सांगेल, असे तुम्ही म्हणाल. खरे काम इथूनच सुरू होते. कोष्टक माणसाला ओळखत नाही. आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीत बहुधा उपदेश करत नाही, उलटतपासणी करतो. ती अशी चालते:

“काल उठल्यापासून काय काय खाल्लंस?”

“सकाळी चहा-बिस्किटं.”

“बिस्किटं किती? आणि चहात साखर?”

“तीन... चार असतील. साखर आई घालते, मला नाही माहीत.”

“बरं. मग शाळेत?”

“डबा. पोळी-भाजी.”

“पोळ्या किती? सगळा डबा संपला?”

“दोन. म्हणजे एक मैत्रिणीने खाल्ली.”

“आणि सरावाच्या आधी?”

“काही नाही. पोट जड होतं म्हणून सर खाऊ देत नाहीत.”

याला चोवीस तासांच्या आहाराची आठवण म्हणतात. समोर वाट्या, पळ्या, चमचे मांडलेले असतात, कारण ‘एक वाटी आमटी’ म्हणजे प्रत्येक घरात वेगळी. उत्तरे लिहून घेतल्यावर ती कोष्टकाशी ताडतात. आपल्या देशातील अन्नाची अशी कोष्टके हा एक स्वतंत्र पराक्रम आहे. तमिळनाडूतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या छोट्या प्रयोगशाळेतून हे काम उभे राहिले. तिचे पुढचे संचालक ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या २०१७ च्या कोष्टकांत ५२८ अन्नपदार्थ आहेत. बाजरीपासून अळूच्या पानांपर्यंत प्रत्येकाचा हिशेब.

वरच्या संभाषणातील मुलगी लांब पल्ल्याची धावपटू आहे असे समजा. वजन ४८ किलो, त्यांतील चरबी वगळून ३८ किलो. दिवसाला ती १९०० उष्मांक खाते. आकडा वरवर ठीक दिसतो. पण सरावात ९०० जातात. उरले १०००. त्यांना ३८ ने भागले की किलोमागे २६ येतात. हे प्रमाण ४५ च्या आसपास असावे. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिले, तर शरीर काटकसर सुरू करते. काटकसर कुठे? जिथे तातडी नाही तिथे. मासिक पाळी लांबते किंवा थांबते, हाडांत कॅल्शियम भरणे मंदावते, वारंवार सर्दी-ताप येतो, नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले, आणि ती मुलांतही आढळते हे सांगितले. हाडे भरायची वर्षे नेमकी तुमच्या वयाची आहेत. ती पुन्हा येत नाहीत. दुर्दैव असे, की वजन घटल्यामुळे सुरुवातीला वेळ थोडी सुधारते, सगळे कौतुक करतात, आणि मुलगी आणखी कमी खाते. पाळी थांबली तर ‘सराव चांगला चालला आहे’ असे समजणारे प्रशिक्षकही असतात. हा समज घातक आहे. अशा वेळी आहारतज्ज्ञ मुलीला डॉक्टरकडे पाठवतो, आईशी बोलतो आणि सरांशीही, कारण सरावाच्या आधी एक केळे खाण्याची परवानगी त्यांच्याकडूनच मिळवायची असते.

दम लागण्याचे आणखी एक कारण तो विसरत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिनच कमी असेल, तर कितीही चिक्की खाल्ली तरी ती जाळायला प्राणवायू पोहोचणार नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते आणि लिंबू पिळल्याने जास्त, ही साधी माहितीसुद्धा कित्येक घरांत नसते.

आता वाट कशी? बारावी विज्ञानानंतर गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण या विषयांत पदवी घेता येते. मुंबईतील निर्मला निकेतन आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ही त्यासाठीची जुनी ठिकाणे. पुढे एम. एस्‌सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, मग इस्पितळात काही महिन्यांची उमेदवारी. १९६३ मध्ये स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा घेते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा जो कायदा केला, त्यात या व्यवसायाचाही समावेश आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता विचारून घ्यावी. चार आठवड्यांत ‘तज्ज्ञ’ करून सोडणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. खेळाचा आहार ही त्यानंतरची पायरी. इस्पितळातली उमेदवारी टाळून थेट खेळाडूंकडे जाण्याची घाई अनेकांना असते, पण आजारी शरीर पाहिल्याशिवाय निरोगी शरीरातले बिघाड ओळखता येत नाहीत. आणि ही वाट केवळ मुलींची आहे, हा समज तर मुलांनी सोडूनच द्यावा. रसायन आणि जीवशास्त्र लागतेच. आपले ऊर्जेचे प्रकरण किती लागते ते वर पाहिलेच. शिवाय स्वयंपाकघरात हात चालला पाहिजे. ज्याला भाकरी किती पिठाची होते हे ठाऊक नाही, त्याचा सल्ला कोणी ऐकत नाही.

तूर्त, आहारतज्ज्ञ करतो त्यातला एक प्रयोग तुम्हांला स्वतःवर करता येईल. पुढच्या सहलीला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत पुन्हा करा. वाटेत किती प्यायलात ते बाटल्यांवरून आणि किती खाल्लेत ते अंदाजे लिहून ठेवा. समजा, वजन ५० वरून ४९.४ झाले, दीड लिटर सरबत आणि पाणी प्यायलात, ३०० ग्रॅम खाल्लेत, आणि लघवी २०० ग्रॅम धरली. मग ०.६, १.५ आणि ०.३ यांच्या बेरजेतून ०.२ वजा करा: २.२ लिटर घाम आणि श्वासातली वाफ. (कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने गेलेले थोडे वजन यात मिसळलेले आहे, ते किती, हे काढायचे काम हुशार विद्यार्थ्यांकडे.) घट दोन टक्क्यांच्या, म्हणजे ५० किलोला एक किलोच्या पुढे गेली, तर पुढच्या वेळी एक बाटली जास्त न्या. वजन वाढलेले दिसले, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. बाटली एक कमी आणि मीठ चिमूटभर जास्त. मे महिन्यात आणि जानेवारीत, असे दोनदा करून दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.